लघवीची पिशवी काढायची का?

मागच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब संपल्यावर एका ताईने हळूच विचारले, "माझ्या जावेला लघवीच्या पिशवीत कॅन्सरची गाठ निघाली. गाठ लहान आहे म्हणतात, मग अख्खी पिशवी कशाला काढायची?" शेजारची लगेच म्हणाली, "अगं, माझी दहा वर्षांपूर्वीच काढली, काही होत नाही." ती बोलत होती गर्भपिशवीबद्दल!

मैत्रिणींनो, हा घोटाळा महागात पडतो. लघवीची पिशवी काढली की लघवीला नवी वाट करून द्यावी लागते. बहुतेक वेळा आतड्याचा तुकडा वापरून पोटावर तोंड काढतात आणि तिथे बाहेरून पिशवी चिकटवतात. ती दिवसातून अनेकदा रिकामी करायची, तीही जन्मभर. काही जणींना आतड्याचीच नवी पिशवी आत करून देता येते, पण मग घड्याळ बघून लघवीला जावे लागते. बायकांच्या या ऑपरेशनमध्ये बरेचदा गर्भाशय आणि योनीचा काही भागही जातो. हे आधी विचारा, लाजू नका.

गाठ किती मोठी, यापेक्षा ती किती खोल गेली हे जास्त महत्त्वाचे. कुडाच्या भिंतीचे सारवण खराब झाले तर खरवडून नवे करता येते, आतली कारवी किडली तर नुसत्या सारवणाने भागत नाही. तसेच हे. गाठ अस्तरापुरती असेल तर लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून ती खरवडून काढतात, पोट फाडत नाहीत. ती तपासून जात जहाल निघाली तर पिशवीत बीसीजी सोडतात, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. हो, बाळांना टीबीसाठी टोचतात तेच बीसीजी! पुढे दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चुकवायची नाही.

मग लवकरच्या टप्प्यात पिशवी काढा कधी सांगतात? जहाल गाठ बीसीजीनंतरही परत आली, किंवा अस्तराखाली शिरून फार पसरलेली असली तर. गाठ स्नायूत पोचली असेल तर बहुधा काढायलाच सांगतात, आणि तेव्हा "भातलावणी होऊ दे, मग बघू" म्हणत महिने घालवणे धोक्याचे.

डॉक्टरांना विचारा: तपासलेल्या तुकड्यात स्नायू आला होता का? पुन्हा खरवडून बघायला हवे का? बीसीजी चालेल का? शंका वाटली तर परळच्या टाटा हॉस्पिटलात दुसरे मत घ्या. कर्जतहून लोकलने जाता येते. जाताना रिपोर्टबरोबर तपासणीच्या काचपट्ट्या आणि ब्लॉकही मागून न्या. रेशनकार्ड, आधारकार्ड ठेवा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का ते तिथेच विचारता येते.

आणि लघवीतून न दुखता रक्त गेले, एकदाच गेले तरी, "उष्णता झाली" म्हणून सब्जाचे पाणी पीत बसू नका. पाळी थांबलेल्या बाईने तर दुसऱ्याच दिवशी कशेळ्याच्या दवाखान्यात जावे. घरात कोणी बिडी ओढत असेल तर त्यालाही हे सांगा, या कॅन्सरचे मोठे कारण तेच आहे.

त्या ताईच्या जावेचा रिपोर्ट यायचा आहे. जाण्या-येण्याच्या खर्चाला गटातून अंतर्गत कर्ज द्यायचे ठरले.