झोपायच्या खोलीची भिंत रंगवा

रब्बीची मळणी उरकली, भिंती खडखडीत वाळल्या, की झोपायच्या खोलीतली एक भिंत हौसेसाठी राखा. चुकले तरी पाहुणा हसणार नाही!

पालघर जिल्ह्यात वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात. तिथल्याच गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नकार्य नसतानाही चित्रे काढली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शेतासारखीच भिंतीचीही आधी मशागत हवी. ओल असेल तर रंग धरणार नाही; ओलीचे कारण आधी दूर करा. पोपडे खरवडा. मातीच्या भिंतीला शेणमातीचा हात द्या, वाळल्यावर गेरू लावा. तांदळाचे बारीक पीठ पाण्यात कालवून थोडा डिंक घाला. बांबूच्या काडीचे टोक ठेचले की झाला कुंचला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडा, वर गोल डोके, खाली हातपाय, झाला माणूस. मग आपली विहीर, आपली बैलजोडी, आपली पेरणी काढा.

सिमेंटच्या भिंती आल्या आणि घरोघरची ही कला मागे पडली. म्हणून पहिली रेघ आजीला मारू द्या. तिचा हात थकण्याआधी तो नातवंडांच्या बोटांत उतरला पाहिजे.