लठ्ठ मांजराला उपास का चालत नाही?

माणसाचं वजन वाढलं की घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, ‘रात्रीचं जेवण सोड, आठवड्यातून एक उपास कर.’ पाळलेलं मांजर गोल गरगरीत झालं की त्यालाही हाच उपाय लावायचा मोह होतो. ताटलीत काही ठेवायचंच नाही. भूक लागली की धावेल, उंदीर धरील, आपोआप उतरेल. पण लठ्ठ मांजराच्या बाबतीत हा उपाय जिवावर बेतू शकतो. का, ते कळण्यासाठी त्याच्या यकृतात डोकवावं लागेल.

अन्न मिळेनासं झालं की शरीर साठवलेली चरबी बाहेर काढतं. ती रक्तातून यकृतात येते. यकृत तिच्यातली काही जाळतं आणि उरलेली प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पुन्हा रक्तात रवाना करतं. म्हणजे चरबी हलवायलाही प्रथिनं हवीत. मांजराची अडचण इथेच आहे. ते पक्कं मांसाहारी. रोज भरपूर प्रथिनं येणारच, असं जणू गृहीत धरून त्याच्या यकृतातली प्रथिनं मोडणारी विकरं सतत कामावर असतात. उपास पडला तर माणूस किंवा कुत्रा हा खर्च बराच आटोक्यात आणतो, मांजराला ते फारसं जमत नाही. लठ्ठ मांजरात तर चरबीचा लोंढा मोठा आणि वेष्टनाचा माल संपत आलेला! मग चरबी यकृताच्या पेशींतच साचत जाते. काही दिवसांत हिरड्या आणि कानाची आतली बाजू पिवळी दिसू लागते. भूक मरते, न खाल्ल्यानं आणखी चरबी यकृतात येते. वेळेवर नळीवाटे अन्न दिलं तर बरीच मांजरं वाचतात, नाहीतर सहसा दगावतात. म्हणून लठ्ठ मांजरानं दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर ‘बरंच झालं’ न म्हणता पशुवैद्यांना गाठायला हवं.

तेव्हा कमी करायच्या त्या कॅलरी, प्रथिनं नव्हेत. किती कमी? समजा, घरातच राहणारा, नसबंदी केलेला एक बोका ६ किलोचा झालाय आणि त्याच्या चणीला ४ किलो वजन शोभेल. (नसबंदीनंतर ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. नसबंदी टाळायचं हे कारण नव्हे, ताटली लहान करायचं आहे.) विश्रांतीच्या अवस्थेतली रोजची गरज काढायचं एक सूत्र आहे : किलोतल्या वजनाचा पाऊण घात, गुणिले ७०. पाऊण घात साध्या कॅल्क्युलेटरवरही निघतो, घन करायचा आणि दोनदा वर्गमूळ काढायचं. ४ चा घन ६४, त्याचं वर्गमूळ ८, त्याचं २.८३. गुणिले ७० म्हणजे सुमारे १९८ किलोकॅलरी. नववी-दहावीच्या वर्गात हे गणित घेऊन पाहा, मुलं आपापल्या मांजरांची वजनं घेऊन येतील.

बोक्याला सुरुवातीला रोज साधारण एवढंच द्यायचं. आता यात आपल्या घरचं दूध बसवून पाहू. म्हशीच्या सायीच्या दुधात १०० मिलिलिटरला सुमारे १०० किलोकॅलरी असतात. म्हणजे एका लहानशा वाटीत बोक्याची निम्मी शिधा संपली! शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचतच नाही. दूधपोळी आणि दहीभात यांत कॅलरी आहेत, पण मांजराला लागतात तेवढी प्रथिनं नाहीत. टॉरिन हे अमायनो आम्लही मांजराला मांस-मासळीतूनच घ्यावं लागतं. ते कमी पडलं तर हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात दाखवलं गेलं. उकडलेली कोंबडी आणि मासळी दुधापेक्षा बरी, तरी निव्वळ त्यांच्यावर महिनोन्‌महिने ठेवू नये. मांजरांसाठी बनवलेलं, वजन उतरवण्याचं अन्न मोजून देणं सर्वांत सुरक्षित. अन्न बदलायचं तेही आठवड्या-दीड आठवड्यात, जुन्यात थोडं थोडं मिसळत. अनोळखी अन्नापुढे मांजर अडून बसतं, आणि अडून बसणं म्हणजे पुन्हा उपासच.

एका उंदरातून मांजराला साधारण ३० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे रानात त्याला दिवसाकाठी सहा-सात वेळा थोडं थोडं खावं लागतं, तेही धावाधाव करून. घरीही दिवसाचा वाटा पाच-सहा ठिकाणी लपवून ठेवता येतो. पुठ्ठ्याच्या नळीत दाणे घालून दिले की बोका अर्धा तास गुंततो.

वजन आठवड्याला १ टक्क्याच्या आसपास उतरावं. ६ किलोच्या बोक्यात हे झाले ६० ग्रॅम. या गतीनं ५ किलोवर यायला चार महिने, ४ वर यायला चाळीसेक आठवडे. आधी स्वतः, मग मांजर घेऊन काट्यावर उभं राहायची युक्ती इथे उपयोगाची नाही, कारण अर्ध्या किलोच्या रेघा असलेल्या काट्यावर ६० ग्रॅम दिसणार कसे? मांजर टोपलीत घालून वाण्याच्या काट्यावर तोलावं. मधल्या काळात हाताची परीक्षा पुरते. हाताच्या पालथ्या बाजूची हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या तर ठीक. तळहातासारखं मऊ लागलं तर अजून चरबी आहे. पोटाखाली लोंबणारी कातडी पाहून मात्र ठरवू नये, ती सडपातळ मांजरालाही असते.

महिनाभर मोजून खायला देऊनही काटा हलला नाही, तर आधी आजूबाजूला चौकशी करावी. आपली मनी शेजारी माऊ असते आणि खालच्या मजल्यावर राणी, आणि तिन्ही घरी तिची वाटी भरलेली असते. गळ्यातल्या सैल पट्ट्याला ‘कृपया खायला देऊ नका’ अशी चिठ्ठी लावली, तर दोन दिवसांत सगळ्या घरांचा पत्ता लागतो.