नवी कोल्हापुरी चावते, तेव्हा दुकानदाराने काय सांगावे?

नवी कोल्हापुरी चावते, ही तक्रार जुनीच आहे. गिऱ्हाईक हौसेने जोड घेते, दोन दिवसांत अंगठ्याजवळ फोड येतो आणि जोड कोपऱ्यात पडतो. पुढच्या खेपेला तेच गिऱ्हाईक रबराची चप्पल मागते. यात दुकानदाराचे नुकसान आहे आणि कारागिराचे त्याहून जास्त.

आम्ही सदरमध्ये कापड विकतो. कोऱ्या कापडाला खळ असते, ती पहिल्या धुण्यात जाते, हे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. चामड्याचा कडकपणा मात्र पाण्याने जात नाही. भिजून वाळले की ते अधिकच कडक होते.

कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तळ म्हशीच्या जाड कातड्याचा, शिलाई चामड्याच्या वादीची. क्रोमने कमावलेले चामडे सहसा पहिल्यापासून मऊ लागते. सालीत कमावलेले सुरुवातीला कडक असते, पण वापरता वापरता पायाचा आकार घेते. तेव्हा कडक आहे म्हणून माल खोटा ठरत नाही.

उपाय सोपा आहे. पट्टा, अंगठा व कान यांना आतून एरंडेल किंवा खोबरेल बोटाने हलकेच चोळावे. रात्रभर सावलीत ठेवून सकाळी कोरड्या फडक्याने पुसावे. तेलाने कातड्यातले तंतू मोकळे होतात. मग पट्टा हाताने मागेपुढे वाकवावा. पहिले आठ दिवस चप्पल घरातच अर्धा-अर्धा तास घालावी. तेल जास्त झाले तर कातडे ढिले पडते आणि पायजम्याला डाग लागतो. तो डाग काढणे किती कठीण, हे कापडवाल्यांना विचारा! भिजलेली चप्पल नागपूरच्या उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये, कातडे आकसते. मधुमेह असलेल्या गिऱ्हाइकाला कडक जोड देऊच नये. पाय बधिर असला तर फोड कळत नाही आणि जखम चिघळते.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांच्या या मालाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला मांडल्या आणि टीका झाल्यावर मूळ भारतीय कारागिरीचे असल्याचे मान्य केले. नाव जगभर झाले, पण गिऱ्हाईक दुसरा जोड घ्यायला येते की नाही, हे दुकानातच ठरते.

म्हणून दुकानदार बांधवांनी जोड बांधून देतानाच या गोष्टी सांगाव्यात. माप मात्र आधी नीट पाहावे. पट्टा रुंदीला थोडा सैलावतो, तळाची लांबी वाढत नाही. आखूड जोड तेलाने बसत नाही, तो विकू नये.