मोत्यांच्या सराचा फासा

हैदराबादेत चारमिनारच्या परिसरात मोत्यांचा व्यापार जुना आहे, आणि आपल्या समाजातही लग्नकार्यात मोत्यांचा सर घेतला जातोच. आम्ही धान्याचे व्यापारी; पोते फुटावयाचे ते बहुधा तोंडाच्या टाक्याशी, हे आम्हांस ठाऊक आहे. सराचेही तसेच आहे. तो बहुधा फाशाजवळ तुटतो.

याचे कारण उघड आहे. धातूची कडी तेथे दोऱ्यावर सतत घासते. म्हणून कुशल पटवेकरी कडीतून जाणाऱ्या दोऱ्यावर बारीक तारेची पोकळ गुंडाळी चढवितो, दोरा शेवटच्या दोन-तीन मोत्यांतून परत ओवून घेतो आणि प्रत्येक मोत्यामागे गाठ मारितो. हिऱ्याचे काठिण्य 10 मानिले, तर मोत्याचे 2.5 ते 4.5 भरते. गाठींमुळे मोती परस्परांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती निसटतो.

आता दोऱ्याविषयी. रूढी रेशमाची, परंतु रेशमाचा अखंड तंतू मिळावा म्हणून कोशातील जीव उष्णतेने मारला जातो. मोती काढतानाही शिंपल्यातील जीव बहुधा जातोच. अहिंसाधर्म पाळणाऱ्या घरांनी नवा सर काचेच्या वा स्फटिकाच्या मण्यांचा, नायलॉनच्या दोऱ्यात गाठवावा. फासा बसविण्याची रीत तीच. वडिलार्जित सर असल्यास वर्षातून एकदा फाशाजवळचा दोरा पाहावा व सैल दिसताच पुन्हा गाठवून घ्यावा. गाठविण्याची मजुरी थोडी, हरवलेला मोती महाग.