जाम झालेला ब्रेक

विजयादशमी जवळ आली, म्हणजे कोंकणांतील कित्येक घरांत एक प्रसंग हटकून घडतो. पावसाळाभर पडवींत ताडपत्रीखालीं उभी असलेली मोटारसायकल बाहेर काढावयाची, धुवावयाची व दुसऱ्या दिवशीं तिला झेंडूचा हार घालावयाचा, असा बेत असतो. ताडपत्री दूर होते. पण गाडी ढकलूं लागतांच मागचें चाक जागचें हलत नाहीं. घरधनी जोर लावितो, शेजारी हात देतो. चाक फरफटतें, पण फिरत नाहीं. मग कोणी तरी हातोडी आणतो, आणि खरा अनर्थ तेथून सुरू होतो.

ब्रेकचा दोष दोन प्रकारचा असतो. तो धरीत नाहीं, अथवा सोडीत नाहीं. पहिल्या दोषाला सर्वच भितात. दुसरा केवळ गैरसोयीचा वाटतो. वस्तुतः दुसराच पुढें पहिल्याचें रूप घेतो. न सुटणारा डिस्क ब्रेक धांवतांना सतत घासतो व तापतो. ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोंचली आणि ऑइल उकळलें, कीं त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र सहज दाबली जाते. मग ऐन घाटांत लिव्हर मुठीला टेकते आणि गाडी थांबत नाहीं. म्हणून जाम झालेल्या ब्रेकची उपेक्षा करणें म्हणजे संकटाला घरचें आमंत्रण देणें होय.

हा ब्रेक जाम कां होतो? ब्रेकचे कांहीं भाग पोलादाचे व कांहीं ॲल्युमिनियमचे असतात. त्यांच्यामधील फट अत्यंत बारीक असते. समुद्राकडील खारी हवा व पावसाचें पाणी त्या फटींत शिरलें, म्हणजे लोखंडाला तांबडा गंज व ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते. गंज मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापतो; त्यामुळें फट बुजते व दांडा जागींच आंवळला जातो.

प्रथम ड्रम ब्रेकचा विचार करूं. गाडी न्यूट्रलमध्यें आहे ना, व साखळी गंजून आखडलेली नाहीं ना, हें आधीं पाहावें. नंतर ब्रेकच्या सळईवरील नट सैल करून चाकाजवळची लिव्हर हातानें मागें जाते कीं नाहीं, हें तपासावें. ती गेली व तरीही चाक अडलें, तर लायनर ड्रमला चिकटले आहेत असें समजावें. अशा वेळीं गाडी हळूहळू मागेंपुढें हालविली, व ड्रमवर लांकडी हातोडीनें बेतानें ठोकलें, तर बहुधा चाक सुटतें. लिव्हरच मागें जात नसेल, तर कॅमचा दांडा धरला गेला आहे. चाक उतरवून शू काढावे. त्यांच्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात, म्हणून तोंड दूर ठेवावें. आंतील भुकटी फुंकूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें व तें फुप्फुसांना घातक असतें; ती ओल्या फडक्यानें टिपावी. लिव्हर काढण्यापूर्वीं ती व दांडा यांच्यावर जुळती खूण करावी. मग दांड्याच्या मुळाशीं गंज सोडविणारें तेल घालून रात्रभर थांबावें.

सकाळीं दांडा एकाच दिशेनें न पिळतां किंचित् इकडे, किंचित् तिकडे असा हालवावा. तरीही न सुटल्यास, तेल व लायनर बाजूला ठेवून, ब्रेकच्या ताटलीवर कढत पाणी ओतावें. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. त्यामुळें भोंक किंचित् सैल होतें. ह्या कामीं उघडी ज्योत वापरूं नये. दांडा निघाल्यावर बारीक पॉलिश कागदानें गंज काढून, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा व जास्तीचें पुसून टाकावें. लायनरला ग्रीस लागलें, तर ब्रेक धरणार नाहीं.

डिस्क ब्रेकची गोष्ट निराळी आहे. १९६९ सालीं होंडा कंपनीच्या सीबी ७५० ह्या गाडीबरोबर तो रस्त्यावर सामान्यपणें दिसूं लागला. त्याचें मर्म पास्कलच्या नियमांत आहे. बंद द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो. बोटांनीं दिलेला थोडा जोर मोठ्या पिस्टनवर वाढून येतो. पिस्टनभोंवतीं एक चौकोनी काटाचें रबरी सील असतें. दाब येतांच तें किंचित् वाकतें आणि दाब जातांच पूर्ववत् होऊन पिस्टनला मागें ओढतें. गंज अथवा चिखल ह्या हालचालीला आडवा आला, कीं ब्रेक सुटत नाहीं.

दोष कोठें आहे हें ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे. चाक अडलेलें असतां कॅलिपरवरील निपल अगदीं थोडें सैल करावें. ऑइल बाहेर पडून चाक मोकळें झालें, तर दाब वरच्या बाजूस, मास्टर सिलिंडरांत अथवा नळींत कोंडला आहे. चाक तसेंच अडलें, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या आहेत. निपल आंतून पोकळ असल्यामुळें सहज तुटतें. त्याला सहा बाजूंनीं बसणारा पानाच लावावा, आणि आधीं किंचित् आवळून मग सोडावें.

पिना जाम असतील तर त्या काढून पुसाव्या, सिलिकॉन ग्रीस लावावें व फाटलेली रबरी टोपी बदलावी. पिस्टन जाम असेल तर ब्रेकच्याच दाबाचा उपयोग करावा. कॅलिपर डिस्कवरून उतरवून पॅड काढावे, मध्यें लांकडाची फळी ठेवावी आणि लिव्हर सावकाश दाबीत पिस्टन पुढें आणावा. तेथें बोट कधींही घालूं नये. पकडीनें पिस्टन ओढूं नये. त्यावर ओरखडा पडला तर तो सील कापतो. पिस्टनला गंजाचे खड्डे पडले असतील, तर तो घासून भागत नाहीं; नवाच घ्यावा. सीलेंही नवीं घालावीं व बसवितांना त्यांस स्वच्छ ब्रेक ऑइल लावावें.

येथें एक चूक वारंवार होते. रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल अथवा साधें ग्रीस ह्या सीलांना लागलें, कीं तीं फुगतात, आणि सुटलेला ब्रेक पुनः जाम होतो. तसेंच ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. थेंबें थेंबें तळें सांचतें, त्याप्रमाणें आंत पाणी सांचतें. डॉट ४ जातीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदु निदान २३० अंश सेल्सिअस असतो. शेंकडा सुमारें ३.७ पाणी मिसळल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरूं शकतो. म्हणून तें सामान्यतः दोन वर्षांनीं बदलावें. तें रंगावर सांडल्यास ताबडतोब पाण्यानें धुवावें.

जोडणी झाल्यावर एअर पूर्ण काढावी. एबीएस असलेल्या कांहीं गाड्यांना त्याकरितां खास यंत्र लागतें. तें काम कारागिराकडेच द्यावें. निपल तुटलें, पेंच झिजला, अथवा लिव्हर मऊ राहिली, तरीही गाडी त्याच्याकडे ढकलीत न्यावी. चालवीत नेऊं नये. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

शेवटीं अंगणांतच, चालण्याच्या गतीनें, दोन्ही ब्रेक दहा वेळां दाबून पाहावे. ब्रेक न दाबतां थोडें अंतर जाऊन डिस्कजवळ हात न्यावा. ती तापलेली लागली, तर काम अपुरें आहे. दसऱ्याला हार एक दिवस उशीरां घातला, म्हणून कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण त्या गाडीवर मागें मूल बसावयाचें असतें, आणि घाटाचा उतार कोणाची घाई विचारांत घेत नाहीं.