गॅसची भट्टी पेटते, पण लोखंड तापत नाही? हे तपासा

लोहारकाम शिकून खुरपी, विळे, कोयते विकायचा विचार करणाऱ्या बऱ्याच जणांनी घरीच गॅसची भट्टी जोडली. आणि आता प्रश्न एकच: "सर, पेटते, पण लोखंड पिवळं होत नाही." कुणाची ज्योत विझते, कुणाच्या पाइपात भकभक आवाज होतो. जोडणी आपण व्हिडिओत बघितली, आज बिघाड शोधू. धंद्यासाठी भट्टी नुसती पेटून उपयोग नाही, ती कमी गॅसमध्ये तापली पाहिजे.

सुरुवात सिलिंडरपासून. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदेशीर आहे, १९ किलोचा कमर्शियलच घ्या. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर जेमतेम ३० मिलिबार दाब देतो. आपल्या बर्नरला ५ ते १० पीएसआय लागतो, म्हणजे त्याच्या दहा ते वीस पट. निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं. दाब दाखवणारा काटा असलेला हाय प्रेशर रेग्युलेटर घ्या. काटा नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

आता माप. एक पाऊण इंची बर्नर साधारण साडेपाच लिटर पोकळी नीट तापवतो. १० इंच व्यासाचा, १२ इंच लांब लोखंडी पाइप घेतलात आणि आत १ इंची सिरॅमिक वूलचे दोन थर लावलेत, तर आत ६ इंच व्यास उरतो आणि हिशेब बरोबर जमतो. पण लोक काय करतात? 'मोठं काम आलं तर?' म्हणून दुप्पट मोठी भट्टी करतात आणि मग रोज रिकामी जागा तापवत बसतात. खुरप्याला एवढी जागा लागत नाही हो! वूल उघडं ठेवू नका. त्याचे तंतू फुप्फुसाला वाईट, म्हणून कापताना मास्क लावा आणि वरून फायर सिमेंटचा लेप द्या. लेप पूर्ण वाळू द्या, मग मंद आचेवर हळूहळू तापवा. ओला लेप एकदम तापवला की तडकतो. आणि गरम भागात जीआय पाइप अजिबात नको, त्यावरच्या जस्ताचा धूर माणसाला आजारी पाडतो. काळा पाइप घ्या.

ज्योत काय सांगते?

आपल्या बिनपंख्याच्या बर्नरमध्ये गॅस मिग वेल्डिंगच्या ०.९ मिमी टिपमधून जोरात सुटतो आणि जाता जाता बाजूची हवा ओढून घेतो. त्यामुळे टिप पाइपाच्या बरोबर मधोमध आणि सरळ हवी. जरा वाकडी असली तरी हवा कमी ओढली जाते, ज्योत पिवळी, लोळणारी होते आणि भट्टीच्या तोंडातून हातभर जाळ बाहेर येतो. बघायला भारी वाटतं, पण तो तुमचा गॅस बाहेर जळतोय. आधी टिप सरळ करा, मग हवेचं तोंड जास्त उघडा. तरीही पिवळीच राहिली तर टिपचं भोक मोठं आहे.

याच्या उलट, ज्योत कडक निळी, बाहेर काहीच जाळ नाही आणि लोखंडावर जाड पापुद्रे सुटतायत, तर हवा जास्त झाली. हवा थोडी कमी करा. तोंडाशी छोटासा जाळ दिसला की समजा जमलं.

भकभक आवाज म्हणजे ज्योत पाइपात मागे शिरली. दाब फार कमी आहे किंवा बर्नरचं टोक लाल झालंय. गॅस लगेच बंद करा, गार होऊ द्या, टिपमध्ये कचरा बघा, मग थोड्या जास्त दाबावर पेटवा. ज्योत टोकापासून सुटून विझत असेल तर दाब जास्त आहे. भट्टी गार असताना हे जास्त होतं, म्हणून सुरुवात कमी दाबाने.

आणि अर्ध्या तासाने भट्टी मंदावते, सिलिंडरवर दव किंवा बर्फ दिसतो, त्याचं काय? द्रव गॅसची वाफ होताना सिलिंडर गार होतो आणि दाब पडतो. आपल्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतं. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतं, ब्युटेन शून्याच्या आसपास. आधी प्रोपेन जास्त निघून जातं, त्यामुळे थंडीच्या सकाळी सिलिंडर तळाला आला की त्रास वाढतो. सिलिंडर साध्या पाण्याच्या टबात उभा ठेवा. त्याला जाळ किंवा गरम पाणी कधीही लावायचं नाही.

सुरक्षेची कामं विचार न करता झाली पाहिजेत. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला की जमिनीलगत साठतो, म्हणून उघडी शेड हवी, बंद खोली किंवा तळघर नाही. जोड साबणाच्या पाण्याने तपासा. पेटवताना आधी जळता कागद तोंडाशी, मग गॅस, आणि तुम्ही बाजूला उभे. काम संपल्यावर बर्नर वरच्या बाजूला असेल तर त्यातून गरम हवा धुराड्यासारखी चढते आणि नळी भाजते, तेव्हा गॅस बंद केल्यावर हवेचं तोंड पत्र्याने झाका.

शेवटी पैसे. काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर सिलिंडर काट्यावर ठेवा. समजा तासाला १ किलो गॅस गेला आणि किलोला १०० रुपये धरले. दोन तासांत ४ खुरपी झाली तर खुरप्यामागे ५० रुपये गॅसलाच गेले, १० झाली तर २०. पहिली पंधरा मिनिटं भट्टी तापण्यातच जातात, मग एकच खुरपं करायला ती पेटवायची कशाला? पट्ट्या आधी कापून ठेवा, दोन आत, एक ऐरणीवर, असा क्रम लावा.

पुढच्या व्हिडिओत ट्रकच्या पाट्यापासून खुरपं आणि त्याला पाणी देणं बघू. तोवर तीन वेळा भट्टी पेटवा आणि तिन्ही वेळेचं वजन, दाब, नग वहीत लिहा.