आठवलं की अजून अंगावर काटा येतो

वर्षावासातला रविवार. आमच्या कुर्ल्याच्या वस्तीतल्या विहारात ग्रंथवाचन चाललं होतं. बाहेर पाऊस असा की पत्र्यावर कुणी खडी ओततंय. वाचन निम्म्यावर आलं आणि लाईट गेली. मेणबत्ती शोधेपर्यंत पाच-दहा मिनिटं काळोख. लहान पोरं आयांना बिलगली. एक पोर रडायला लागलं, तेव्हा बारावीत शिकणारी एक मुलगी सहज म्हणाली, "आजी, तुम्ही कधी घाबरलात का हो? खरंखुरं?"

मेणबत्ती लागली, पण त्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडलं गेलं नाही. तिथं जे ऐकलं ते वाचक भगिनी-बंधूंना सांगावं असं वाटलं. सांगणाऱ्यांची नावं मुद्दाम देत नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत अशी माणसं आहेत.

आजी बीडकडच्या. वय ऐंशीच्या पुढं, दात नाहीत, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी १९७२ चा दुष्काळ सांगितला. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं सरकारी दुष्काळी कामावर होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, सुकडी खायची आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी घशाखाली ढकलायच्या. आजी तेव्हा दोन लेकरांची आई.

"काम जमायचं गं," आजी म्हणाल्या, "पाण्याचं जमंना. आमच्या वाड्याची हीर आटली. गावच्या हिरीला पाझर व्हता, पर तितं आमाला कोन जाऊ देतंय? मग रातच्याला जायाचं. कमरंला दोर बांधून मला खाली सोडायच्या. वर माजी सासू आन जाऊ. खाली वाटीनं पानी भरायचं, घागर भरली की दोर हलवायचा. एका राती दोर हलवला, तर वरून कोन वढंचना. गड्याचं बोलनं ऐकू आलं. मला वाटलं, संपलं आता. वरून धोंडा घालत्याल, न्हाईतर तसंच सोडून जात्याल. अंधारात भिताडाला चिकटून हुबी ऱ्हायले. पान्यात पाय, आन पायावरून कायतरी वळवळत गेलं. वरडायची सोय न्हाई."

किती वेळ गेला ते आजींना आजही सांगता येत नाही. वर आलेले दोघे गडी कोण होते, ते पाहून न पाहिल्यासारखं करून निघून गेले की त्यांना काही दिसलंच नाही, हेही कळलं नाही. सासूने दोर ओढला तेव्हा घागर भरलेलीच होती. "सांडली न्हाई मी," आजी म्हणाल्या. हे सांगताना त्या हसल्या. आम्हांला कुणाला हसू आलं नाही.

दुसरी गोष्ट किल्लारीच्या भूकंपाची. आमच्या शेजारच्या वहिनी लातूरकडच्या आहेत हे ठाऊक होतं, पण त्यांनी त्या रात्रीबद्दल आजवर अवाक्षर काढलं नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, गाव उशिरा झोपलेलं. त्या भागाला वर्षभर आधीपासून अधूनमधून हादरे बसत होते. भांडी खणखणायची, माणसं बाहेर यायची, पुन्हा आत जायची. सवय झाली होती. त्या पहाटे मात्र काही क्षणांत गावंच्या गावं भुईसपाट झाली. लातूर-उस्मानाबादची मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली.

मेली ती बहुतेक घरातच, दगडांखाली. दीड-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, त्यात सिमेंट नाही की लोखंड नाही. वर लाकडावर घातलेलं मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण भिंती हलल्या की ते सगळं ओझं झोपलेल्या माणसाच्या छातीवर. उलट कुडाच्या नाहीतर छपराच्या घरात राहणारी माणसं जास्त वाचली. गरिबीने माणूस वाचला असं क्वचितच ऐकायला मिळतं, तिथं ते घडलं.

वहिनी तेव्हा दहा वर्षांच्या. घर गावाच्या कडेला, कुडाचं, वर चार पत्रे. "आधी आवाज आला," त्या म्हणाल्या. "जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा. पत्रा निघून पडला, बापाने आम्हांला हाताला धरून बाहेर ओढलं. तोवर मी भ्यालेच नव्हते. झोपेत होते. बाहेर आले तर समोर गाव नाही. धुळीचा ढग. आणि काही वेळ कुठूनही आवाज नाही. माणसाचा नाही, कुत्र्याचा नाही. ती शांतता मला सगळ्यात भयंकर वाटली. मग एक बाई ओरडली, आणि मग सगळीकडून आवाज सुरू झाले. तेव्हा उलट बरं वाटलं, की आहेत, माणसं आहेत."

वहिनींच्या वर्गातली मैत्रीण मोठ्या वाड्यात राहायची. ती सापडली तिसऱ्या दिवशी. याहून जास्त त्या बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. एवढं मात्र मला आता कळलं की वहिनी आजही दाराशी डोकं करून का झोपतात आणि त्यांच्या माळ्यावर गाद्या-गोधड्यांशिवाय काही का नसतं. आम्ही इतकी वर्षं त्याला त्यांचा विक्षिप्तपणा म्हणत होतो!

पुरुष मंडळी गप्प होती. पुरुषाने घाबरल्याचं सांगायचं नाही, असा आपल्याकडे एक अलिखित नियमच आहे. शेवटी आमच्या लाईनीतले एक काका बोलले. तरुणपणी ते एका ठेकेदाराकडे गटारं आणि सेप्टिक टँक उपसायच्या कामाला होते. एकदा जोडीदार चेंबरमध्ये उतरला आणि हाक मारली तर ओ देईना. मुकादम म्हणाला, "उतर, ओढ त्याला."

"मी एक पाय आत टाकला होता," काका म्हणाले. "समोरच्या पानवाल्याने मागून बनियन धरलं आणि मला रस्त्यावर पाडलं. म्हणाला, अरे, तूही मरशील."

तो पानवाला शिकलेला नसेल, पण त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. गटारात हायड्रोजन सल्फाईड नावाचा वायू साठतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर निदान कळतं तरी. वायू वाढला की माणसाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं आणि दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. म्हणूनच अशा घटनांत एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशी माणसं जातात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. ज्यांच्या घरात हे काम करणारं कुणी आहे त्यांनी हे दोन्ही लक्षात ठेवावं आणि कुणी "उतर" म्हणालं तर नाही म्हणावं.

जोडीदाराला अग्निशमन दलाने वर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. पण काकांची सर्वांत मोठी भीती त्या चेंबरपाशी नव्हतीच. "त्याच्या घरची कडी वाजवायला मला पाठवलं," ते म्हणाले. "आतून त्याची बायको म्हणाली, आले आले. तेव्हा जे पाय लटपटले ते..." पुढे काका तंबाखू मळत बसले.

आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत. त्या म्हणाल्या, भीती ही मनाची दुबळी गोष्ट नाही, शरीराचं काम आहे. मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांतून एक रस रक्तात सुटतो. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात घामेजतात, पोटात गोळा येतो, कारण रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं. पळा नाहीतर लढा, यासाठी शरीराची ही तयारी. धोका गेला की हे सगळं ओसरतं. पण काहींचं ओसरत नाही. वर्षानुवर्षं तीच स्वप्नं पडतात, झोप उडते, दार आपटलं तरी दचकायला होतं. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात जाता येतं. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. पोर पावसाला घाबरत असेल तर त्याला "घाबरट" म्हणून हिणवू नका, जवळ घ्या आणि काय झालं ते त्याला सांगू द्या, असंही त्या म्हणाल्या. अंगारे-धुपाऱ्यांचा विषय निघण्याआधीच त्यांनी तो हातानेच उडवून लावला!

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी २६ जुलै २००५ सांगितला, पण अर्धाच. उरलेला इथं लिहिते.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे दक्षिणेकडे नुसता पावसाळी दिवस आणि आमच्याकडे प्रलय. मी मरोळला एका गारमेंटच्या कंपनीत चेकिंगला होते. साडेचारला सोडलं तेव्हा रस्त्यावर गुडघाभर पाणी. बस नाही, रिक्षा नाही, मोबाईल बंद. आम्ही अकराजणींनी ओढण्या एकमेकींना बांधल्या, हात धरले आणि अंधेरी-कुर्ला रोडने चालायला लागलो. साकीनाक्याला त्याच दिवशी दरड कोसळून सत्तरच्या आसपास माणसं गेली, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळलं. सफेद पुलाकडे मिठी नदी कुठली आणि रस्ता कुठला ते ओळखू येईना. पाणी छातीला लागलं. पायाखाली उघडं गटार असेल तर? प्रत्येक पाऊल चाचपून टाकायचं.

माझ्या डाव्या हाताला एक मुलगी होती. एकोणीस वर्षांची, धागे कापायला नवीन लागलेली. एकाएकी ती खाली गेली. तिची ओढणी सुटली आणि तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं. मीही खेचली जायला लागले. त्या क्षणी मला माझी चार वर्षांची पोर दिसली, सासूबाईंपाशी घरी ठेवलेली. आणि मी बोटं उघडली. हात निसटला असं मी सगळ्यांना सांगितलं. निसटला नव्हता. मी सोडला होता.

बंद पडलेल्या ट्रकच्या बॉनेटवर एक माणूस उभा होता. त्याने वाकून तिची वेणी धरली आणि तिला वर घेतलं. खोकत खोकत ती पुन्हा आमच्यात आली. आम्ही पुढे चाललो. घरी पोचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. घरात पाणी, माणूस नाही. पोर आणि सासूबाई शेजारच्यांच्या माळ्यावर सापडल्या. पोरीने विचारलं, "आई, बिस्किट आणलंस का?"

पाणी ओसरल्यावरही भीती ओसरली नव्हती. २८ तारखेच्या रात्री जुहूच्या नेहरूनगरात धरण फुटल्याची, सुनामी आल्याची आवई उठली आणि पळापळीत माणसं चेंगरून मेली. पाणी नव्हतंच. आमच्या वस्तीतही तशी बोंब झाली. तेव्हा मी पोरीला उचललं आणि जिन्यात कुणाकुणाला ढकललं, ते मला आठवत नाही.

त्या मुलीने वर्षभराने नोकरी सोडली, लग्न झालं, बदलापूरला राहायला गेली. बौद्ध पौर्णिमेला फोन यायचा, पण त्या दिवसाचा विषय दोघींनीही कधी काढला नाही. विहारातून घरी आले आणि दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मंगळवारी रात्री फोन लावला आणि सगळं सांगितलं. जसं घडलं तसं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

मग ती म्हणाली, "ताई, मला ठाऊक होतं. बोटं उघडलेली कळतात की." थोडं थांबून म्हणाली, "पहिली दोन वर्षं तुमचा राग होता. मग मला पोरगा झाला."

मी रडायला लागले. ती म्हणाली, रडू नका, रविवारी जेवायला या, पोरगा आता कामाला लागलाय, त्याला भेटा. आणि येताना गाडीत उभं राहू नका, मागून येणारी लोकल रिकामी असते.